कोंड्याचा मांडा

गरिबीतील शहाणपणाचे वर्णन करणारे वाक्प्रचार मराठी भाषेत पुष्कळ आहेत. परंतु ‘कोंड्याचा मांडा करणे’ या वाक्प्रचाराची सर दुसऱ्या कशासही यावयाची नाही. मांडा हे पक्वान्नांतील पक्वान्न. त्यासाठी गव्हाचे सपीट वस्त्रगाळ करून घ्यावे लागते, कणीक तासन् तास तिंबावी लागते आणि ती हातावर लीलया फिरवून उपड्या खापरावर टाकण्याचे कसब अंगी असावे लागते. बेळगावकडील वाचकांना तर मांड्याची थोरवी सांगावयासच नको. तिकडील लग्नकार्यात मांड्याला आजही मान आहे. असा मांडा करण्यासाठी पीठ चाळताना जो कोंडा बाजूस काढून टाकावयाचा, त्या कोंड्याचाच मांडा करून जी गृहिणी घरच्यांना समाधानाने जेवू घालते, तिच्या संसारकौशल्याचा गौरव या वाक्प्रचाराने केला आहे. त्यात कौतुक गृहिणीचे आहे, कोंड्याचे नाही. कोंडा हा बिचारा अगतिकतेचे प्रतीक म्हणूनच तेथे आला आहे.

परंतु गेल्या अर्धशतकात पोषणशास्त्राने या बाबतीत मोठाच उलटफेर घडवून आणला. चाळणीत मागे राहणारा, सूप पाखडताना उडून जाणारा आणि गुरांपुढे टाकला जाणारा जो भाग, त्यावाचून माणसाच्या आतड्यांचे काम सुरळीत चालत नाही, असे आता निर्विवादपणे मानले जाते. या भागाला शास्त्रीय परिभाषेत तंतुमय पदार्थ म्हणतात. आपल्या घरगुती भाषेत चोथा. या चोथ्याची महती सांगावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषय काहीसा संकोचाचा आहे, हे आम्ही जाणून आहोत. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ असे आपण मोकळेपणाने म्हणतो. पोटोबाला काय रुचते याची चर्चा चारचौघांत रंगते. परंतु पुढे पोटोबाची गाडी कोठे अडते याविषयी घराघरात मौन असते. वयस्कर माणसे गुपचूप चूर्णाच्या डब्या बाळगतात, सासुरवाशिणी कोणापाशी बोलत नाहीत आणि मुले तर हा त्रास सांगण्यासारखा आहे हेच जाणत नाहीत. या मौनाची किंमत मात्र देहाला मोजावी लागते.

चोथा म्हणजे काय?

वनस्पतीची प्रत्येक पेशी एका भिंतीने वेढलेली असते. धान्याची टरफले, कडधान्यांची साले, पालेभाज्यांच्या शिरा, फळांचा गर या साऱ्यांत या भिंतींचे द्रव्य असते. पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचे पचन करणारे पाचकरस आपल्या लहान आतड्यात असतात. परंतु या भिंती फोडणारा रस निसर्गाने माणसाला दिलेला नाही. त्यामुळे अन्नाचा हा अंश लहान आतड्याचा सुमारे सहा मीटर लांबीचा मार्ग न पचता ओलांडतो आणि मोठ्या आतड्यात जसाच्या तसा येऊन पोहोचतो. जे पचत नाही ते निरुपयोगी, अशी समजूत पूर्वी शास्त्रज्ञांचीही होती. ती फार उशिरा बदलली.

गव्हाचा एक दाणा डोळ्यांपुढे आणावा. त्याच्या वजनाचा सुमारे चौदा-पंधरा टक्के भाग कोंड्याचा, दोन-तीन टक्के भाग अंकुराचा आणि उरलेला सारा भाग पांढऱ्या पिष्टमय गाभ्याचा असतो. मैदा म्हणजे केवळ हा गाभा. कोंडा आणि अंकुर काढून टाकले म्हणजे पीठ शुभ्र होते, मऊ होते आणि पुष्कळ दिवस टिकते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हे तिन्ही गुणच. परंतु चोथा, ब गटातील जीवनसत्त्वे आणि लोहासारखी खनिजे यांचा मोठा हिस्सा त्या टाकलेल्या भागाबरोबर निघून जातो.

चोथ्याचे ढोबळमानाने दोन प्रकार सांगता येतात. पहिला पाण्यात न विरघळणारा. गव्हाचा कोंडा, ज्वारी-बाजरीची टरफले, पालेभाज्यांचे देठ यांत तो मुख्यतः असतो. तो पाणी धरून ठेवतो, मलाला आकार व मऊपणा देतो आणि त्याला पुढे सरकवण्यास आतड्यांच्या स्नायूंना आधार देतो. दुसरा पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारा. ओट, मेथीदाणे, इसबगोल, पेरू व सफरचंदाचा गर, कडधान्ये यांत तो आढळतो. त्याच्या योगाने जेवणातील साखर रक्तात सावकाश उतरते, म्हणून मधुमेही माणसाला तो विशेष उपकारक. पित्तातील आम्लांना तो आपल्याबरोबर बाहेर नेतो. त्यांची भरपाई करण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते आणि त्याचे प्रमाण काही अंशी घटते. मेथीदाण्याच्या या गुणांवर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत १९८०च्या दशकात संशोधनही झाले आहे.

याहूनही नवलाची गोष्ट पुढेच आहे. आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी सूक्ष्म जीवाणू वस्ती करून असतात. जो चोथा आपणांस पचत नाही, तोच त्यांचे अन्न. त्याला आंबवून ते काही लघु स्निग्धाम्ले निर्माण करतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे प्रमुख इंधन आहे. म्हणजे आतड्याचे अस्तर आपल्या पोषणासाठी बव्हंशी या पाहुण्यांवर अवलंबून असते आणि हे पाहुणे आपण वाढलेल्या चोथ्यावर. घरधन्याने पाहुण्यांना उपाशी ठेवले तर शेवटी हाल घरधन्याचेच होतात, असा हा न्याय आहे.

युगांडातील शल्यवैद्य

चोथ्याला ही प्रतिष्ठा कशी लाभली, त्याची कथा उद्बोधक आहे. ब्रिटिश आरमारातील एक वैद्य, टी. एल. क्लीव्ह, हे दुसऱ्या महायुद्धात ‘किंग जॉर्ज पंचम’ या युद्धनौकेवर होते. महिनोन् महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना ताज्या भाज्या मिळत नसत आणि बद्धकोष्ठाच्या तक्रारींना अंत नसे. क्लीव्ह यांनी त्यांना रोज गव्हाचा कोंडा खावयास दिला आणि तक्रारी ओसरल्या. शुभ्र पीठ आणि शुभ्र साखर हीच आधुनिक माणसाच्या अनेक रोगांची मुळे आहेत, असे मत त्यांनी पुढे हिरिरीने मांडले. प्रस्थापित वैद्यकाने प्रारंभी त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

१९६७ साली क्लीव्ह यांची भेट डेनिस बर्किट या शल्यवैद्याशी झाली. बर्किट यांचा जन्म आयर्लंडमधील १९११चा. अकराव्या वर्षी अपघातात त्यांचा एक डोळा गेलेला. युगांडात त्यांनी सुमारे वीस वर्षे शस्त्रक्रिया केल्या आणि तेथील बालकांना होणाऱ्या एका कर्करोगाचे वर्णन १९५८ साली प्रसिद्ध केले. त्या रोगाला आज त्यांचेच नाव आहे. क्लीव्ह यांचे म्हणणे ऐकताच बर्किट यांना आपल्या आफ्रिकेतील अनुभवाचा नवा अर्थ लागला. अपेंडिक्सचा दाह, मूळव्याध, पित्ताशयातील खडे, मोठ्या आतड्याचा कर्करोग या ज्या विकारांनी इंग्लंडमधील रुग्णालये भरलेली असत, ते आफ्रिकेच्या खेड्यांत त्यांच्या क्वचितच पाहण्यात आले होते. त्यांनी आफ्रिकेतील रुग्णालयांना प्रश्नावल्या पाठवून माहिती गोळा केली. पूर्व आफ्रिकेत सुमारे तीस वर्षे वैद्यक केलेले ह्यू ट्रॉवेल यांचीही त्यांना साथ मिळाली.

१९७२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बर्किट आणि त्यांचे सहकारी यांचा निबंध प्रसिद्ध झाला. अन्न तोंडातून आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंत किती काळ लोटतो याचे त्यांनी मोजमाप केले होते. युगांडातील खेडुतांत हा काळ सुमारे छत्तीस तास, तर इंग्लंडमधील आरमारी कुटुंबांत ऐंशी तासांहून अधिक भरला. मलाचे वजन खेडुतांत चौपटीहून अधिक होते. एखाद्या राष्ट्रातील लोकांचा मल अल्प असेल तर तेथील रुग्णालये मोठी बांधावी लागतात, अशा आशयाचे विनोदी विधान बर्किट आपल्या व्याख्यानांत करीत आणि श्रोते हसता हसता अंतर्मुख होत.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. बर्किट यांचे सर्वच अनुमान पुढे जसेच्या तसे टिकले नाही. आफ्रिकेतील खेडूत केवळ आहारात नव्हे, तर श्रम, आयुर्मान, मांसाहार अशा अनेक बाबतींत वेगळा होता. एकट्या चोथ्याला सारे श्रेय देता येत नाही. २००० साली अमेरिकेतील दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आतड्यातील गाठी काढलेल्या रुग्णांना काही वर्षे चोथायुक्त आहार वा कोंडा देऊनही त्या गाठी पुन्हा होणे थांबले नव्हते. परंतु मूळ सिद्धान्त मात्र अधिक बळकट झाला. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्येच १८५ दीर्घकालीन पाहण्या आणि ५८ चाचण्या यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. जे लोक भरपूर चोथा खातात त्यांच्यात, अत्यल्प चोथा खाणाऱ्यांच्या तुलनेने, हृदयविकार, मधुमेह व मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे आणि एकूण मृत्यूंचेही प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळले. दररोज २५ ते २९ ग्रॅम चोथा पोटात जाणे हितावह, असा त्यातील कौल होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली प्रौढांसाठी रोज किमान २५ ग्रॅमची शिफारस केली आहे.

आपल्या ताटातून तो गेला कसा?

आपल्या घरातून चोथा एका दिवसात गेला नाही. तो पायरीपायरीने गेला. जात्यावर दळलेल्या पिठात धान्याचे सर्वस्व असे. जाते जाऊन गिरणी आली तेव्हा श्रम वाचले. परंतु धान्य घरचेच असल्याने पीठ पुरेसे सकस राही. तत्पूर्वीच, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, युरोपात पोलादी रुळांच्या गिरण्या निघाल्या होत्या. त्यांनी कोंडा व अंकुर अलग करून शुभ्र मैदा स्वस्त केला. पाव, बिस्किटे, टोस्ट, खारी, नानकटाई या रूपांनी तो आपल्या न्याहारीत शिरला. स्वातंत्र्योत्तर काळात शिधावाटपाच्या दुकानांतून गहू आणि तांदूळ मिळू लागले. ज्वारी-बाजरी मागे पडली. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. परंतु आपल्यापैकी किती घरांत त्या वर्षी भाकरीचा तवा अधिक वेळा चुलीवर चढला, हे ज्याने त्याने आपल्याशी आठवून पाहावे.

याखेरीज एक सामाजिक कारणही आहे. पांढरेपणा हे आपल्याकडे प्रतिष्ठेचे लक्षण ठरले. भाकरी कष्टकऱ्याची, पोळी सुखवस्तूची. हातसडीचा तांदूळ गावाकडचा, गुळगुळीत बासमती पाहुण्यांसाठी. सालीची डाळ आजाऱ्याला, धुतलेली डाळ पंगतीला. अशा रीतीने वर चढत गेलेल्या प्रत्येक पायरीवर आपण थोडा चोथा खाली टाकीत आलो.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या समाजाच्या बाबतीत तर हे विशेषच जाणवते. आपण आपली भाषा जपली, गणेशोत्सव जपला, नाटके आणि व्याख्यानमाला जपल्या. स्वयंपाकघरातही मराठीपण जपले, परंतु कोणते? पुरणपोळी, श्रीखंड, मोदक, चिरोटे हे सणावारांचे. रोजचे ताट मात्र कालौघात बदलून गेले. भाकरी, उसळ, पालेभाजी, ठेचा आणि ताक हे जे मराठी माणसाचे नित्याचे अन्न, तेच पोटाच्या दृष्टीने खरे मोलाचे होते. वर्षातून दहा दिवसांचे पक्वान्न आपण वारसा म्हणून सांभाळले आणि साडेतीनशे दिवसांचे अन्न गरिबीची खूण म्हणून सोडून दिले, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

आकड्यांची साक्ष

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांनुसार प्रत्येकी १०० ग्रॅम कच्च्या धान्यातील चोथ्याचे स्थूल प्रमाण असे : गव्हाचे न चाळलेले पीठ सुमारे ११ ग्रॅम, बाजरी साडेअकरा, नाचणी ११, ज्वारी १०, आणि मैदा व पांढरा तांदूळ प्रत्येकी अवघे पावणेतीन ग्रॅम. अख्ख्या हरभऱ्यात २५ ग्रॅम, तर हरभऱ्याच्या डाळीत १५. अख्ख्या मुगात १७, तर धुतलेल्या मूगडाळीत नऊच्या आसपास. साल काढली म्हणजे काय जाते, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे?

आता दोन ताटे मांडून पाहू. पहिल्या ताटात दिवसभराचे अन्न असे : १०० ग्रॅम मैद्याचे पाव-बिस्किट, १५० ग्रॅम तांदळाचा भात, ३० ग्रॅम तूरडाळीचे वरण आणि १०० ग्रॅम बटाट्याची भाजी. पोट भरते, ढेकरही येते. पण साऱ्यांची बेरीज जेमतेम ११-१२ ग्रॅम चोथा. दुसऱ्या ताटात १०० ग्रॅम न चाळलेल्या पिठाच्या पोळ्या किंवा भाकऱ्या, ३० ग्रॅम अख्ख्या मुगाची उसळ, १०० ग्रॅम पालेभाजी आणि एक मध्यम पेरू. येथे बेरीज २८-२९ ग्रॅमपर्यंत जाते. दुसरे ताट पहिल्यापेक्षा महाग नाही. उलट, पुष्कळ ठिकाणी स्वस्तच पडेल. लागते ती केवळ रात्री मूग भिजत घालण्याची आठवण.

ज्या गावी आपण आहोत

सुदैवाने ही सामग्री मागविण्यासाठी कोणाला पुण्या-साताऱ्यास पत्र टाकावयास नको. ज्या ज्या गावी आपण वसलो, तेथील मातीतच ती आहे. बेळगावच्या परिसरात ज्वारीची भाकरी आणि भिजवलेल्या मटकीची उसळ अद्याप घरोघरी होते. तिला केवळ पंगतीत मान मिळावयास हवा. गोव्यात कमी सडलेला उकडा तांदूळ मिळतो. भाताने चोथ्याची सारी गरज भागत नाही, हे खरे. पण त्या भाताबरोबर अळसांद्यांची आमटी वा खतखते असले म्हणजे उणीव भरून निघते.

इंदूरच्या मंडळींना पोहे-जिलेबी सोडा असे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु पोह्यांत मूठभर वाटाणे व मोड आलेली मटकी घातली आणि शेवेची मूठ थोडी आखडती घेतली, तर चव बिघडत नाही. माळव्यात मका आहे; ग्वाल्हेरच्या शेजारी भिंड-मुरैनाकडे बाजरी पिकते. वडोदऱ्यात बाजरीचा रोटला आणि मेथीची ढेबरी शेजारच्या घरी नित्य होते. सेव-उसळ तर आपलीच मानलेली. तीत शेव कमी व उसळ अधिक असली की झाले. हैदराबादेत ज्वारीची भाकरी जोन्न रोट्टे या नावाने भेटते आणि आपली अंबाडीची भाजी गोंगुरा म्हणून बाजारात ढिगांनी येते. शेजाऱ्याच्या चुलीवर जे टिकले ते आपल्या चुलीवर परत आणण्यात कसला आला संकोच?

पथ्य आणि सावधगिरी

उत्साहाच्या भरात कोणी उद्यापासून वाटीभर कोंडा खाण्यास आरंभ करू नये. सवय नसलेल्या आतड्यांत चोथा एकदम वाढविला तर पोट फुगते, वायू धरतो आणि माणूस चार दिवसांत कंटाळतो. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू प्रमाण वाढवावे. त्याबरोबर पाणी पुरेसे प्यावे. पाण्यावाचून चोथा म्हणजे कोरड्या नदीतील वाळू. नुसता कच्चा कोंडा अति खाल्ल्यास त्यातील फायटिक आम्लामुळे लोह व जस्त यांच्या शोषणात अडथळा येतो. म्हणून अख्खे धान्य, तसेच मोड आणलेली कडधान्ये व आंबवलेले पदार्थ हा मार्ग श्रेयस्कर. मोड आणण्याने व आंबवण्याने हे आम्ल घटते. आपल्या आजीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. पण फडक्यात बांधलेली मटकी तिने कधी चुकविली नाही.

इसबगोल हे घरगुती औषध सर्वांच्या परिचयाचे आहे. घोड्याच्या कानासारख्या आकाराच्या बीवरून फार्सी भाषेत पडलेले हे नाव. त्याचे पीक गुजरात-राजस्थानात होते आणि उत्तर गुजरातेतील उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ आहे. त्या बियांचा भुसा आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून फुगतो. म्हणूनच तो कोरडा तोंडात टाकू नये. मोठा पेलाभर पाण्याबरोबर लगेच घ्यावा. आणि इतर औषधे चालू असल्यास दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवावे. एरंडेल व सोनामुखी यांची जात निराळी; ती आतड्याला चेतवून काम करून घेतात. त्यांची नित्याची सवय वैद्याच्या सल्ल्यावाचून लावून घेऊ नये.

बाजारातील ‘तपकिरी’ पावाविषयीही सावध असावे. पुष्कळदा तो मैद्याचाच असून रंग मात्र जळलेल्या साखरेचा असतो. वेष्टनावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. तीत पहिले नाव मैद्याचे असेल तर बाकीची जाहिरात वाचण्याचे कारण नाही. तसेच फळांचा रस काढून चोथा फेकण्यापेक्षा फळ चावून खावे.

शौचाचा वेळ प्रत्येकाचा निराळा असतो. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, येथपर्यंत सारे स्वाभाविक मानले जाते. रोज सकाळी ठरल्या घटकेस पोट साफ झालेच पाहिजे, या चिंतेने हैराण होण्याचे कारण नाही. परंतु शौचात रक्त दिसणे, वजन विनाकारण घटणे, पंडुरोग होणे, वर्षानुवर्षांची सवय एकाएकी बदलून काही आठवडे तशीच राहणे, पोटात असह्य कळा येऊन वायूही न सरणे, यांपैकी काहीही आढळले तर इसबगोलाच्या भरवशावर न राहता त्वरित डॉक्टरांकडे जावे. मूळव्याध असेल म्हणून लाजेने महिने घालविण्यात जो धोका आहे, तो कोणत्याही कोंड्याने टळणार नाही. ज्यांच्या आतड्याचा मार्ग अरुंद झाला आहे किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी आहारात बदल करण्यापूर्वी सल्ला घ्यावा.

मुले आणि वडीलधारी

अध्यापनात आयुष्य घालविलेल्या माणसाला मुलांच्या डब्यांची जी माहिती होते ती त्यांच्या मातापित्यांनाही नसते. मधल्या सुट्टीत उघडणाऱ्या डब्यांत भाजी-पोळीची जागा तयार शेवया आणि बिस्किटे यांनी कशी घेतली, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, पुष्कळ मुले, विशेषतः मुली, शाळेच्या वेळेत शौचास जाण्याचे टाळतात. स्वच्छतागृह अस्वच्छ असते, दाराला कडी नसते, किंवा वर्गात हात वर करून विचारण्याची लाज वाटते. मग त्या पाणीच पीत नाहीत. वेग रोखला की मल आतड्यात पडून राहतो, त्यातील पाणी शोषले जाऊन तो कठीण होतो, पुढच्या वेळी वेदना होतात आणि त्या भयाने मूल पुन्हा वेग रोखते. या दुष्टचक्रात सापडलेले मूल भूक मंदावलेले, चिडचिडे आणि वर्गात लक्ष नसलेले दिसते. आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो.

यावर उपाय दोन. शाळेने स्वच्छतागृह धुतलेले, पाणी असलेले व कडी लागणारे ठेवावे आणि मुलाने विचारताच त्याला हसू न करता जाऊ द्यावे. ही शाळाचालकांची जबाबदारी असून पालकसभेत तिचा आग्रह धरण्यात कमीपणा नाही. दुसरा उपाय घरचा. जेवणानंतर मोठ्या आतड्याला स्वाभाविक चेतना मिळते. सकाळच्या न्याहारीनंतर ती विशेष प्रबळ असते. मुलाला दहा मिनिटे लवकर उठवावे, काही खाऊ घालावे आणि घाई न करता बसू द्यावे. घरी उंच बैठकीचे स्वच्छतागृह असेल तर पायांखाली लहान पाट ठेवावा.

वडीलधाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. दात गेले म्हणून भाकरी जाते, भाजीचे देठ जातात, पेरू जातो आणि उरतो तो मऊ भात व चहात बुडविलेला टोस्ट. रात्री उठावे लागते म्हणून पाणीही कमी होते. अशा वेळी भाकरी ताकात कुस्करून द्यावी, पालेभाजी बारीक चिरून पातळ करावी, नाचणीचे आंबील, सालीच्या मुगाची खिचडी, शिजवलेला भोपळा, पिकली पपई असे पदार्थ योजावेत. दिवसा, उजेड असताना, पाणी आवर्जून हाती द्यावे. सकाळ-संध्याकाळ चार पावले चालणे हेही आतड्यांना औषधच आहे. आणि ‘पोट कसे आहे?’ हा प्रश्न ज्या सहजतेने आपण ‘झोप लागली का?’ म्हणून विचारतो, त्याच सहजतेने विचारावा. पुष्कळ वृद्ध केवळ कोणी विचारले नाही म्हणून हा त्रास सोसतात.

एवढ्या विवेचनानंतर वाचकांपुढे फार मोठा संकल्प ठेवण्याची आमची इच्छा नाही. आठवडाभर पिठाची चाळण खिडकीत टांगलेली राहू द्यावी. किडे-खडे धान्य निवडतानाच पाहून घ्यावेत. आठवड्यातून तीन दिवस भाकरी व्हावी. एक वाटी कडधान्य रोज रात्री भिजत पडावे. पुढच्या सणाला पुरणपोळी अवश्य करावी. मात्र पानात डावीकडे कोशिंबीर आणि उजवीकडे पालेभाजी शोभेपुरती न वाढता पोटभर वाढावी. कोंड्याचा मांडा करण्याची वेळ आपल्या घरांवर आता सुदैवाने नाही. पण कोंडा मांड्याहून हलका नाही, एवढे मुलांना समजले तरी त्या जुन्या गृहिणीचे ऋण थोडेसे फिटेल.